चमकणारा रंग धावपट्टीच्या दिव्यांची जागा घेऊ शकत नाही

सध्या एक दावा बराच फिरतोय: "छोट्या धावपट्ट्यांना विजेचे दिवे लागतच नाहीत. अंधारात चमकणाऱ्या रंगाचे पट्टे ओढा. दिवसभर उन्हात चार्ज होतील, रात्रभर चमकतील आणि वैमानिकाला दुरूनच धावपट्टी दिसेल." सोबत झळझळीत हिरव्या रेषांचा फोटो असतो. हे खरं मानून कुणी रात्री विमान उतरवायला गेलं तर ते जिवावर बेतेल.

आधी फोटोचं सांगतो. कॅमेऱ्याचं शटर पंधरा-वीस सेकंद उघडं ठेवलं की मिणमिणती रेषाही ट्यूबलाइटसारखी दिसते. डोळ्याला ती सोय नाही.

"रात्रभर चमकतो"

आजचा सर्वांत चांगला रंगकण म्हणजे युरोपियम आणि डिस्प्रोशियम मिसळलेलं स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट. १९९० च्या दशकात जपानमध्ये ते पुढे आलं आणि जुन्या झिंक सल्फाइडला त्याने पार मागे टाकलं. डब्यावर लिहिलेले '१२ तास' खोटे नसतात, पण तेज ०.३ मिलिकँडेला प्रति चौरस मीटरपर्यंत उतरायला लागणारा वेळ म्हणजे ते १२ तास (कँडेला हे प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक, मिलिकँडेला त्याचा हजारावा भाग). अंधाराला पूर्ण सरावलेल्या डोळ्याला एवढं तेज जवळून जाणवतं, इतकंच. चांगल्या जाड थराचं तेज १० मिनिटांनी ३०० च्या आसपास, तासाभराने ४० ते ५० आणि सहा तासांनी सात-आठ मिलिकँडेला उरतं. तुलनेसाठी पौर्णिमेचं चांदणं घ्या. ते साधारण ०.२ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं एकक) धरलं, तर त्यात साधा पांढरा रंगही ५० मिलिकँडेलापर्यंत उजळतो. म्हणजे तासाभरानंतर हा महागडा रंग चांदण्यातल्या चुन्याच्या पट्ट्याच्या बरोबरीला येतो.

शिवाय हे आकडे दिवा एकदम बंद करून मोजलेले असतात. सूर्य तसा मावळत नाही. संधिप्रकाश हळूहळू ओसरत असतानाच रंगातली साठवण निघून जायला लागते, आणि काळोख होईपर्यंत सुरुवातीची तेजस्वी मिनिटं संपलेली असतात. दिवसभराच्या उन्हाचाही फायदा नाही, कारण कण काही मिनिटांतच भरतात.

"वैमानिकाला दुरून दिसतो"

मुख्य घोळ इथे आहे. मध्यरेषेचा एक मोठा पट्टा घ्या, ३० मीटर लांब आणि ०.९ मीटर रुंद, म्हणजे २७ चौरस मीटर. तीन अंशांच्या उतारावरून येणाऱ्या वैमानिकाला तो फार तिरक्या कोनातून, अगदी चपटा दिसतो. तीन अंशांचा साइन ०.०५२, त्यामुळे दिसणारं क्षेत्रफळ फक्त १.४ चौरस मीटर. तेज ४० मिलिकँडेला धरलं तर अख्ख्या पट्ट्याची तीव्रता ०.०५६ कँडेला येते. आंतरराष्ट्रीय नियमांत धावपट्टीच्या कडेच्या दिव्याला किमान ५० कँडेला लागतात आणि आजूबाजूला इतर उजेड नसेल तरच ते २५ पर्यंत कमी करता येतात. म्हणजे तो अख्खा पट्टा कडेच्या सर्वांत मंद दिव्याच्याही साडेचारशेव्या भागाइतका.

रात्रीच्या दृश्यमानतेच्या हिशोबात डोळ्याचा उंबरठा ८ × १०⁻⁷ लक्स धरतात. हवा अगदी स्वच्छ असली तरी त्या हिशोबाने २५ कँडेलाचा दिवा साडेपाच किलोमीटरवरून दिसतो, तर हा पट्टा २६५ मीटरवरून. तीन अंशांच्या उतारावर २६५ मीटर म्हणजे विमान जमिनीपासून १४ मीटरवर. ६० नॉटच्या (ताशी सुमारे १११ किलोमीटर) वेगाने हातात नऊ सेकंदही नाहीत. विमान धावपट्टीच्या रेषेत आणून उतरवायचं की परत वर जायचं, हा निर्णय त्याच्या कितीतरी आधी व्हायला हवा.

रंगाच्या अर्थाचा प्रश्न वेगळाच. कडेचे दिवे पांढरे, सुरुवातीचे हिरवे, शेवटचे लाल असतात. या कणांचं तेज हिरव्यातच सर्वाधिक असतं. आणि ते मिलिकँडेलाच्या खाली उतरलं की डोळ्याला कुठलाच रंग ओळखू येत नाही.

"एकदा मारला की झालं"

हे कण पाण्यात विघटित होऊन निकामी होतात, म्हणून आवरण चढवलेलेच घ्यावे लागतात. घनता पाण्याच्या सुमारे ३.६ पट, त्यामुळे रंग मारतानाही डबा सतत ढवळावा लागतो, नाहीतर वरचा अर्धा डबा नुसता वार्निश राहतो. कण इतके कठीण असतात की लोखंडी पात्याने ढवळल्यास पातं झिजून रंग करडा पडतो, म्हणून प्लास्टिकचं पातं वापरा. खाली पांढरा थर हवाच, पण पांढरा रंगद्रव्य चमकणाऱ्या थरात मिसळू नका, ते चार्ज करणारे अतिनील किरण शोषतं. वरून अतिनील-रोधक क्लिअर कोट मारला तरी हेच होतं. वाळलेला थर ३०० मायक्रॉनच्या खाली गेला तर वरचे आकडे विसरा. एवढं सगळं सांभाळलं तरी चाकं टेकतात तिथे टायरचं रबर बसतं आणि पट्टा काळा पडतो.

२०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या ओसजवळ अशा रेषा रस्त्यावर ओढल्या होत्या, तिथे ओलाव्याने लवकरच त्रास दिला.

मग काय करावं

पांढऱ्या रंगावर काचेचे मणी टाका. रंग ओला असतानाच, मणी निम्म्याहून थोडे जास्त बुडतील असे. विमानाचा लँडिंग लाइट ते थेट वैमानिकाकडे परत पाठवतात. पण दुरून दिसायला दिवेच लागतात. हजार मीटरच्या पट्टीला ६० मीटरच्या आत अंतर ठेवलं तर एका कडेला १८, दोन्ही मिळून ३६ सौर एलईडी दिवे, शिवाय प्रत्येक टोकाला किमान सहा. प्रकाश क्षितिजालगत वळवणारी भिंग असेल तर दिव्याला एक वॅटही पुरतो. १२ तासांच्या रात्रीला १२ वॅट-तास होतात. तीन ढगाळ दिवस निभावायचे तर ३६ वॅट-तासांची बॅटरी लागते.

चमकणारा रंग वापरायचाच असेल तर जिथे माणूस दोन-चार पावलांवर असतो तिथे वापरा. विमानाच्या केबिनमधल्या जमिनीवरच्या आपत्कालीन पट्ट्या त्याच तत्त्वावर चालतात. धावपट्टीच्या आवारात त्याची जागा म्हणजे इंधनसाठ्याच्या पायऱ्या, अग्निशामकाचा खांब, विमान बांधायच्या कड्या.