बॅकअप घेतला म्हणे!

आजपासून कोणाच्याही लॅपटॉपात लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम, टाकून देणार नाही. सख्ख्या भावाच्याही नाही. पेनड्राइव्ह कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली बायकोच्या हवाली केली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझी साडेसाती सुरू झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे, प्रोसेसर नवा पाहिजे. लोकांचे लॅपटॉप दहा वर्षांपूर्वीचे, पण धडधाकट. लिनक्सच्या मिंट नावाच्या सोप्या प्रकाराला ४ जीबी रॅम पुरते, मग फेकायचे कायले? असं मीच शहाण्यासारखा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर सांगत फिरलो. आता भोगतो आहे.

तर माझा आतेभाऊ. राहतो नागपुरात मानेवाड्याला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आधी म्हणे, "दादा, काली टाकून दे ना, हॅकर लोक तेच वापरतात." अरे पोट्ट्या, काली म्हणजे सुरक्षा तपासणाऱ्या जाणकारांचं लिनक्स, ते बनवणारे स्वतःच सांगतात की नवख्या माणसानं याच्या वाटेला जाऊ नये. तुला घरच्या वायफायचा पासवर्ड आठवत नाही, तू कोणाचं काय हॅक करणार? कसंबसं मिंटवर आणलं. मग म्हणे पेनड्राइव्ह तयार आहे. पाहतो तर आयएसओ फाईल, म्हणजे इन्स्टॉल करायची अख्खी सिस्टिम एका फायलीत, नुसती कॉपी-पेस्ट केलेली. तिच्यावरून लॅपटॉप असा सुरू होत नसतो रे बाबा!

मे महिना, पारा ४५ वर, भर दुपारी सक्करदऱ्याहून कोण जाते? म्हणून फोनवरच सांगत होतो. बॅकअप घेतला का, तीनदा विचारलं. तीनदा "हो दादा". म्हटलं, आता डिस्कचं विचारणारी स्क्रीन येईल, तिथं थांब, कशालाच हात लावू नको, फोटो पाठव. तेवढ्यात आमच्या कूलरचं पाणी संपलं. बादली भरून येईस्तोवर साहेबांनी 'इरेज डिस्क' निवडून पुढं ढकललं होतं. का? तर "जागा मोकळी होईल असं वाटलं." ते बिचारं सॉफ्टवेअर शेवटी पुन्हा विचारते, बदल डिस्कवर लिहू का म्हणून. त्यालाही कंटिन्यू! वाचायचं कशाला, नेक्स्ट-नेक्स्ट करायची सवय.

आणि तो बॅकअप? सी ड्राइव्हमधून डी ड्राइव्हमध्ये! एकाच डिस्कचे दोन कप्पे बाप्पा! घराला आग लागली म्हणून दागिने हॉलमधून बेडरूममध्ये नेऊन ठेवले भैताडानं.

संध्याकाळी आत्याचा फोन. "काऊन रे, काय टाकून दिलं तू त्याच्या लॅपटॉपात? ताईच्या लग्नाचे सारे फोटो गेले न." मी टाकलं! मी तर कूलरमध्ये पाणी टाकत होतो!

दोन रात्री फोटोरेक लावून बसलो. ते डिस्क खरवडून फोटो काढते, पण फायलींची नावं अन् फोल्डर काही परत येत नाहीत. नुसतं एफ आणि पुढं आकड्यांची शेपटी. अशा हजारो फायली. हळदीचा फोटो, मग कुठल्यातरी वेबसाइटचं बटण, मग नवरदेव, तोही छातीपर्यंतच, खाली राखाडी पट्टा. निवडून निवडून डोळे फुटायची वेळ आली. पोरगं तोवर माझ्याच मोबाईलवर क्रिकेट पाहत होतं. आत्याला नेऊन दिले तर म्हणते, "हळद, सीमांतपूजन, रिसेप्शन वेगवेगळं होतं ना रे. तू तर सारं मिसळून टाकलं."

ऑफिसातल्या एका भाऊंचीही तीच तऱ्हा. वायफायचा ड्रायव्हर टाकला, सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सॉफ्टवेअरला सुरू होऊ न देणारं कुलूप, चालू होतं. दोनदा बजावलं की रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येईल, दहा सेकंदच थांबते, तिथं 'एनरोल मॉक' (ड्रायव्हरची ओळख नोंदवायचा पर्याय) दाबून आत्ता दिलेला पासवर्ड टाका. दुसऱ्या दिवशी म्हणे वायफाय चालत नाही. निळी स्क्रीन आली होती का? "हो, काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी एंटर दाबून घालवलं." मग सगळ्या ऑफिसात बोंब, लिनक्स बेकार आहे. आणि आमचे लिनक्सवाले पंडितही कमी नाहीत. माणसाला माऊस धड धरता येत नाही अन् हे त्याला म्हणतात, आर्च टाक, म्हणजे सगळं स्वतःच्या हातानं जुळवायचं लिनक्स. पंडितजी, मग निस्तरायलाही तुम्हीच या.

सिस्टिम फुकट आहे, मान्य. तिच्यासोबत मीही फुकट आहे, हे कोणत्या लायसनमध्ये लिहिलं आहे?

आता खालच्या मजल्यावरचे काका. त्यांना विंडोजही पाहिजे, मिंटही. दोन्ही टाकून दिलं. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं. मिंट मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तिलाच इथली वेळ समजते, बस. एका ओळीच्या कमांडचं काम. काकांना अर्धा तास बसून सगळं समजावलं. चष्मा पुसत शांतपणे ऐकलं त्यांनी आणि म्हणाले,

"म्हणजे आधी बरोबर होतं, तू हात लावल्यावर बिघडलं. असंच ना?"