रिमोट खाली ठेवा!

मध्यंतर झालं की नाशकात कुणीतरी रिमोट उचलतोच. ‘संपली मॅच, लाव क्रिकेट!’ अरे, कुठे संपली? २०२४ ची ड्युरँड कप फुटबॉल फायनल आठवा. १७ वेळा कप जिंकलेलं मोहन बागान, तेही कोलकात्यात, २-० ने पुढे. समोर गुवाहाटीचं नॉर्थईस्ट युनायटेड, ज्यांनी तोवर एकही करंडक उचललेला नव्हता. सिडकोतल्या आमच्या चहाच्या टपरीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो तेलकट रिमोट दाबला गेला आणि लागली जुनीच वनडे! तिकडे तीन मिनिटांत दोन गोल, बरोबरी, मग शूटआउटमध्ये नॉर्थईस्टचा गोलकीपर गुरमीतने दोन पेनल्टी अडवल्या, कप गुवाहाटीला. आणि मी काय पाहिलं? जाहिराती! लहान संघ झुंजायला उभा राहतो तेव्हाच पाठ फिरवायची, तर फायनल लावता कशाला? दादा, यापुढे रिमोट माझ्याकडे.