डास सोडून सगळे मरतात

ह्या डास मारायच्या निळ्या दिव्याच्या मशीनवर कुणीतरी बंदी आणा की हो! शेजारच्या काकांनी कंपाउंडच्या भिंतीवर, बरोब्बर आमच्या पडवीसमोर एक टांगलंय. दिवेलागण झाली की चट्... चट्... चटाक् सुरू. मोठा भुंगेरा त्याच्या विजेच्या जाळीत अडकला की चटचट थांबतच नाही, वर जळका वास. आणि आम्ही ताटावर बसलेले असतो.

डास मात्र मजेत आमच्या पोटऱ्या फोडतायत.

बेळगावच्या वडगावात राहणाऱ्याला डास काय ते सांगायला नको. जवळच भाताची शेतं, त्यात बळ्ळारी नाला तुंबला की शिवारभर पाणी. काकांना काही बोलायला जावं तर म्हणतात, "अगं, सकाळी ट्रे बघ की, कसा भरलाय!" बघितला. भुंगेरे, पतंगांचे तुटके पंख, तो हिरवा, जाळीदार पंखांचा नाजूक किडा, ज्याच्या अळ्या झाडांवरचा मावा खातात. तोही जळून कोळसा. आणि तळाला मूठभर बारके किडे, ते काका चिमटीत धरून "हे बघ डास" म्हणून दाखवतात. अहो काका, सोंड कुठाय त्याला? पाण्यातून निघणारा, कुणालाही न चावणारा जीव तो!

डासाच्या मादीला दिव्याचं काय पडलंय? तिला रक्त पाहिजे. ती येते आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर, घामाच्या वासावर, अंगाच्या उबेवर. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी असल्याच मशीनमध्ये मेलेले किडे मोजले होते, 1996 साली ते छापूनही आलं. एकूण 13,789 किडे. त्यातले चावणारे किती? 31! आणि डेंग्यूचा डास तर दिवसाढवळ्या चावतो, तेव्हा हे मशीन बंद.

शेतात प्रकाश सापळा लावतात ती गोष्ट वेगळी. भातावरच्या खोडकिडीचे पतंग दिव्यावर येतात, तिथं त्याला अर्थ आहे. पण घरासमोर निळा दिवा टांगायचा म्हणजे शेतातले किडे आवतण देऊन अंगणात बोलवायचे. जे जाळीत मरत नाहीत ते आमच्या आमटीत पडतात. जाळीवर फुटलेल्या किड्यांचे बारीक तुकडे आजूबाजूला उडतात ते वेगळंच. खोक्यावर मात्र झोकात छापलंय, डासांपासून सुटका!

त्यापेक्षा पडवीत एक टेबल फॅन लावा. डासाला जोराच्या वाऱ्यात धड उडता येत नाही, शिवाय आपला वासही पांगतो. पण फॅनला चटाक् आवाज नाही ना! आवाज झाल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही आपल्या लोकांना.

आणि खरा कारखाना काकांच्या मागच्या दारी आहे. पाण्याचं उघडं पिंप. नळाला रोज पाणी येत नाही, भरून ठेवावं लागतं, कबूल. पण झाकण? आत वाकून बघितलं तर अळ्या वळवळतायत, ह्या हवेत आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होऊन उडतात. परवा मीच आमची जुनी सुती साडी नेऊन पिंपाच्या तोंडावर दोरीनं आवळून बांधली. काल बघते तर साडी गायब, पिंप उघडं. काकू म्हणाल्या, "दोरी चांगली होती गं, कपडे वाळत घालायला घेतली."