जनुक तुटलं की नियमन बिघडलं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ल्युकेमियावरच्या (रक्ताच्या कर्करोगावरच्या) माझ्या लेखाला दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. ल्युकेमियात जनुकच तुटलेलं असताना मी 'नियमनातला बिघाड' (म्हणजे जनुकं चालू-बंद करण्यातला घोळ) म्हणत शब्दांचा खेळ करतोय. आणि 'अ जीवनसत्त्वापासूनचं औषध' असं मोघम लिहून लोकांना गाजरं खायला लावतोय. दुसरा मान्य. पहिल्यावर मात्र भांडणार आहे.

मी लिहिलं होतं ते ल्युकेमियाच्या एका प्रकाराबद्दल, अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाबद्दल. त्यात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जॅनेट रावली यांनी १९७७ साली हे दाखवलं. तेव्हा तुटतं हे खरंच. पण तुटतं काय? १७व्या गुणसूत्रावरच्या त्या जनुकाचं प्रथिन स्वतःच इतर जनुकांचं मुकादम आहे. रेटिनॉइक आम्ल (अ जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारं) मिळालं की ते पेशीला परिपक्व करणारी जनुकं चालू करतं. १५व्यावरच्या 'पीएमएल' या जनुकाच्या प्रथिनाशी सांधलं गेलं की मात्र ते त्याच जनुकांवर ठाण मांडतं, दडपणारी प्रथिनं भोवती गोळा करतं आणि शरीरातल्या नेहमीच्या रेटिनॉइक आम्लाला जुमानत नाही. मग बोन मॅरोत प्रोमायलोसाइटची (अपरिपक्व पांढऱ्या पेशींची) गर्दी होते, त्यांचे न्यूट्रोफिल (परिपक्व पांढऱ्या पेशी) होत नाहीत.

दडपलेली जनुकं शाबूतच असतात, आणि माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. पुरावा शांघायचा. तिथले डॉक्टर वांग झेनयी आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली २४ रुग्णांचा अहवाल दिला. त्यातल्या २३ जणांचा आजार निव्वळ ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्लाने (तेच आम्ल, पण औषधाच्या मोठ्या मात्रेत) आटोक्यात आला. तयार झालेल्या न्यूट्रोफिलमध्ये आउअर कांड्या (पेशीतल्या काडीसारख्या रचना) दिसल्या, ज्या ल्युकेमियाच्या पेशींची खूण. म्हणजे त्याच बिघडलेल्या पेशी वयात आल्या होत्या! जनुकं मुळातूनच गेली असती तर औषधाने चालू काय केलं असतं?

आता गाजरं. या औषधाने रक्तात जी पातळी गाठली जाते ती आहारातून येत नाही, आणि अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने भरमसाट घेतल्या तर यकृत बिघडतं. याच गटातले इतर बहुतेक (मायलॉइड) ल्युकेमिया या औषधाला दाद देत नाहीत. याही आजारात एकट्या औषधावर तो उलटतो; म्हणून हल्ली जोडीला सोमल (आर्सेनिक) देतात (होय, तोच विषारी सोमल, पण शिरेतून, मोजून). तो 'पीएमएल'चं टोक पकडतो आणि ते जोडप्रथिन मोडीत निघतं. शिवाय सुरुवातीचा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो, त्यामुळे घरगुती प्रयोगांना इथे वेळच नाही.

मूळ लेखातलं 'अ जीवनसत्त्वापासूनचं औषध' हे वाक्य आज बदललंय.