स्मारक स्वामीजींचं, पण घर भाट्यांचं

रिसालदार गल्लीतलं भाटे वकिलांचं घर स्वामी विवेकानंदांचं स्मारक म्हणून जपलं गेलं, याचा बेळगावकर म्हणून मला फार अभिमान आहे. पण बरेच दिवस मनात असलेलं एक आज लिहितोच. स्मारक स्वामीजींचं असलं तरी घर भाट्यांचं आहे, आणि पाहुण्याबरोबर यजमानांचीही गोष्ट तिथे तितक्याच मोठ्या अक्षरात सांगितली गेली पाहिजे.

काळ बघा की. ऑक्टोबर १८९२. शिकागोची सर्वधर्म परिषद अजून अकरा महिने लांब. कोल्हापूर महाराजांचे खासगी कारभारी गोळवलकर यांची चिठ्ठी घेऊन एक बंगाली संन्यासी सकाळी सहाच्या सुमारास सदाशिवराव भाटे यांच्या दारात येतो. भगवी वस्त्रं, हातात काठी, जवळ गीतेची लहान प्रत. त्यांना जग ओळखत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. प्रसिद्ध माणसाला ओसरीवर बसवायला कुणीही तयार होतं. भाट्यांनी मित्राच्या चिठ्ठीवर एका अनोळखी माणसाला घरात घेतलं.

त्या वेळी शाळकरी वयात असलेले सदाशिवरावांचे चिरंजीव पुढे प्राध्यापक झाले. त्यांनी लिहून ठेवलेली आठवण मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात घर दिसतं. जेवण झाल्यावर स्वामीजींनी पान-सुपारी मागितली. मग तंबाखू मागितली. संन्याशाने हे मागावं, याचं घरच्यांना आश्चर्य वाटलं. मुलगा तेव्हा पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करत होता. स्वामीजींनी त्याला म्हणायला लावलं, तो अडखळला आणि त्याच्या चुका पाहुण्यानेच सुधारल्या. मुलगा खजील झाला, पण भारावूनही गेला. शिकागोच्या व्यासपीठावरचे विवेकानंद सगळ्यांना माहीत आहेत. घरातल्या पोराची संथा घेणारे विवेकानंद मात्र आपल्या बेळगावचे आहेत, आणि ते त्या मुलाने लिहून ठेवलं म्हणून आपल्याला मिळाले.

दोन-तीन दिवसांत बातमी गावभर झाली. वकील, शिकलेली मंडळी प्रश्न घेऊन येऊ लागली. गावातले एक एक्झिक्युटिव्ह इंजिनियर तर कडकडून वाद घालत. वनखात्यातले बंगाली अधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी ओळखीचे एक वकील स्वामीजींना घेऊन गेले, तेव्हा हरिपदबाबू आपल्याकडेच राहा म्हणाले. त्यावर स्वामीजींनी जे उत्तर दिलं, ते हरिपदबाबूंनी नोंदवून ठेवलंय. त्याचा आशय असा, की मी या महाराष्ट्रीय गृहस्थांकडे सुखात आहे. बंगाली माणूस भेटला म्हणून लगेच निघालो तर त्यांना वाईट वाटेल. मग पुढे ते किल्ल्यात हरिपदबाबूंच्या घरी गेले आणि नऊ दिवस राहिले. ते घरही रामकृष्ण आश्रमाने जपलंय. पण यजमानाचं मन मोडू नये म्हणून थांबलेला हा माणूस मला रिसालदार गल्लीत जास्त जवळचा वाटतो.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी असं मला वाटतं. बंगाली संन्यासी, मराठी वकील, सरकारी नोकरीतला बंगाली अधिकारी आणि हे कानडी-मराठी गाव. त्या ओसरीवर भाषेवरून कुणाला परतवलं नाही. म्हणूनच तिथली माहिती कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तिन्हींत हवी, हे मी आग्रहाने म्हणतो. कन्नडला विरोध म्हणून अजिबात नाही. ज्या घरात ही गोष्ट घडली त्या घराची भाषा तिथे दिसावी, एवढंच.

कोलकात्यातलं स्वामीजींचं जन्मघरही असंच वाचवावं लागलं. गौरमोहन मुखर्जी स्ट्रीटवरचं हे घर भाडेकरू आणि दुकानांनी भरून मोडकळीला आलं होतं. रामकृष्ण मिशनने ते ताब्यात घेऊन दुरुस्त केलं आणि २००४ मध्ये लोकांसाठी उघडलं. त्या घराची दुसरी बाजू फार दुखरी आहे. १८८४ मध्ये वडील विश्वनाथ दत्त गेले आणि भाऊबंदकीचा खटला सुरू झाला. आई भुवनेश्वरीदेवींना त्या खटल्याने वर्षानुवर्षं छळलं. जगभर मान मिळवलेला मुलगा १९०२ मध्ये, मृत्यूच्या आधीच्या दिवसांतही, आईच्या त्या वादात मन अडकवून होता. हा भाग गाळला तर जन्मघर म्हणजे नुसती रंगवलेली इमारत उरते. धर्मोपदेशकाच्या घरातही वाटण्या होतात, आई रडते, पैशाची ओढाताण होते. त्यातूनच तो माणूस घडला.

आपल्याकडेही तेच. भाट्यांच्या घरात तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या, पान लावणाऱ्या बायकांची नावं स्मारकाच्या भिंतीवर यायला हवीत, घराण्याच्या कागदपत्रांत ती सापडतील तितकी. पाहुण्यासाठी चूल पेटली ती त्यांच्या हाताने.

दर १२ जानेवारीला शाळांमध्ये वक्तृत्व स्पर्धा होतात. मुलं पाठ केलेली भाषणं म्हणून दाखवतात. त्याऐवजी वर्गच्या वर्ग रिसालदार गल्लीत न्यावेत. त्या खोलीत बसवून त्या मुलाची आठवण मराठीत आणि कन्नडमध्ये वाचावी. शिक्षक मित्रांनो, येत्या जानेवारीसाठी तारीख ठरवूया. वाचनाला मी येतो, कन्नड वाचणारं कुणी तयार असेल तर खाली कळवा.