चेरीचं गाणं आणि पन्नास वसंत

परवा इथे इंग्लंडमध्ये एका छोट्या चर्चमध्ये गाण्यांची मैफल होती. एक गायक, एक पियानो, समोर जेमतेम चाळीस माणसं. जॉर्ज बटरवर्थची गाणी सुरू व्हायच्या आधी निवेदकाने दरवेळी सांगतात तेच सांगितलं: १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईत हा संगीतकार एकतिसाव्या वर्षी मारला गेला, त्याचा देहही हाती लागला नाही. सगळे गंभीर झाले आणि पहिलं गाणं, 'लव्हलिएस्ट ऑफ ट्रीज', शोकगीतासारखं ऐकलं गेलं.

मला हे पटत नाही. बरीच वर्षं मनात आहे, आज लिहूनच टाकते.

ए. ई. हाउसमन या इंग्रज कवीच्या १८९६ च्या संग्रहातली ही बारा ओळींची कविता. वीस वर्षांचा मुलगा ईस्टरच्या दिवसांत पांढऱ्याशुभ्र फुललेल्या चेरीकडे बघतो आणि हिशोब मांडतो. आयुष्य सत्तर वर्षांचं, वीस सरली, उरली पन्नास. एवढा बहर बघायला पन्नास वसंत पुरतील कसे? मग चला, आत्ताच रानात जाऊ. बस, एवढंच.

इथे राहिल्याशिवाय हा हिशोब मला कळला नसता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चेरी आहे. बहर टिकतो आठ-दहा दिवस. रात्री वारापाऊस झाला की सकाळी गाडीची काच पाकळ्यांनी भरलेली असते, वायपर फिरवायचं जिवावर येतं. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. माझ्या हिशोबात बावीस उरतात.

बटरवर्थने हे सुरांत किती साधेपणाने आणलंय! आधी पियानोवर वरून खाली हलकेच उतरत येणारी एक ओळ, मग गायकही त्याच वळणाने उतरतो. पाकळी गळताना दिसावी तसं. भावगीतांवर वाढलेल्या आपल्या कानाला हे लगेच कळतं, कारण इथेही शब्द आधी आणि सूर त्यांच्या मागून.

हाउसमनच्या कवितांवरची बटरवर्थची ही सहा गाणी १९११ साली छापून आली. तेव्हा महायुद्धाचा पत्ता नव्हता. त्यानंतर बटरवर्थला पाचच वसंत मिळाले हे खरं, आणि ते आठवलं की माझ्याही पोटात कालवतं. पण गाणं ऐकताना ते डोक्यात ठेवलं, की दुःख एवढंच उरतं की त्याला पन्नास मिळाले नाहीत. कविता तर म्हणते, पन्नास मिळाले तरी कमीच. हे जास्त खोल आहे, आणि ते आपल्या सगळ्यांचं आहे.

याच संचात मरणाची गाणी आहेतच की. पाचव्यात लडलो गावच्या जत्रेला आलेली, कधीच म्हातारी न होणारी पोरं आहेत. सहाव्यात मेलेला मित्र अगदी हळू आवाजात विचारतो, माझी नांगराची जोडी चालते का? आणि जिवंत मित्र खणखणीत उत्तर देतो. तिथे सॉम आठवला तर कोण अडवणार?

म्हणून निवेदकांना माझी मनापासून विनंती आहे. सॉमचं सांगायचं तर जरूर सांगा, पण सहावं गाणं संपल्यावर. पहिल्या गाण्याच्या वेळी आम्हाला फक्त कवितेचा कागद हातात द्या.