तीन खुणांचं पुस्तक

एकाच कादंबरीत तीन-चार नायक असले की माझं गाडी बदलणाऱ्या प्रवाशासारखं होतं. खिडकीची जागा मिळालेली, वारा लागतोय, डोळे मिटायला आलेत, तेवढ्यात कोणीतरी हलवून सांगतं, ‘उतरा, पुढची गाडी पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरून.’

याची पहिली चव टॉलस्टॉयने दिली. ‘वॉर अँड पीस’मध्ये प्रिन्स आंद्रेइ ऑस्टरलिट्झच्या रणांगणावर जखमी होऊन पडलाय, वरचं आभाळ बघतोय. माझा श्वास अडकलेला. जगतो की जातो? पान उलटून पुढच्या भागात गेलो, तर निकोलाय रोस्तोव सुट्टीवर मॉस्कोला घरी आलाय आणि घरभर मुक्यांचा पाऊस पडतोय! त्या घरात सगळे आनंदाने रडत होते, मी एकटाच रागाने.

तेव्हापासून मी एक पळवाट काढली. आपला माणूस आधीच निवडायचा. त्याची प्रकरणं मन लावून वाचायची, बाकीच्यांची नुसती चाळायची. वाचकाला एवढाही हक्क नसेल तर वर्गणी कशाला भरायची?

ही पळवाट गेल्या पावसाळ्यात अंगाशी आली. आईच्या फर्माइशीवरून लायब्ररीतून खांडेकरांची ‘ययाति’ आणली. कादंबरी १९५९ सालची, पण आमच्या घरात भांडण ताजं झालं. कारण त्यात ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आळीपाळीने आपापली बाजू सांगतात. प्रत घरात एकच, वाचणारे आम्हीही तिघं. माझी खूण लाइटबिलाची, बायकोची केसांच्या चापाची, आईची गोळ्यांच्या रिकाम्या पट्टीची. पुस्तक मिटलं की ते पोट सुटलेल्या माणसासारखं दिसायचं.

मी अर्थातच राजाच्या बाजूचा. चहा घेताना सहज म्हणालो, “बिचारा किती एकटा पडलाय.”

“एकटा?” बायको म्हणाली. “दोघी असताना?”

ती देवयानीच्या पक्षात गेली होती. विहिरीत ढकललेली मुलगी, कचाने नाकारलेली, वर नवराही असला! बोलताना ती माझ्याकडे अशी बघायची की हस्तिनापुरातली ती सगळी प्रकरणं मीच केली असावीत. त्या आठवड्यात माझ्या चहातली साखर कमी झाली. ती डॉक्टरांमुळे की शुक्राचार्यांच्या मुलीमुळे, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आई शर्मिष्ठेची. “राजाची पोर दासी झाली, तिचं कोणाला काही आहे का?” असं म्हणून ती आपली कपबशी मुद्दाम स्वतः विसळायला घ्यायची.

मुलगा मोबाइलमधून मान वर करून म्हणाला, “बोअर कॅरेक्टरचा ट्रॅक असला की मी सरळ पुढे ढकलतो.” रक्त बोलतं म्हणतात ते असं. मी खूश होऊन त्याला पुरूची गोष्ट सांगितली, बापाचं म्हातारपण स्वतःवर घेणाऱ्या मुलाची. तो म्हणाला, “बाबा, मी चार्जरसुद्धा देणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो.”

इथे एक सांगायला हवं. बोलणारे अनेक असण्याला माझा विरोध नाही. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी कृष्ण असे सहा जण बोलतात, पण सगळ्यांचं बोलणं फिरून कर्णाकडेच येतं. लग्नाला पाहुणे कितीही येवोत, नवरदेव एकच. माझी तक्रार एकाच मांडवात तीन-तीन मुंडावळ्या बांधून बसणाऱ्यांबद्दल आहे. अक्षता टाकायच्या कोणावर?

अखेर एका रविवारी आईच्या लक्षात आलं, की मी फक्त राजाचं वाचलंय आणि सुनेने फक्त राणीचं. दोघं भांडत होतो ते वेगवेगळ्या पुस्तकांवरून. सगळं पुस्तक एकट्या तिनेच वाचलं होतं.

“ज्ञानपीठ मिळालेली कादंबरी आणि तुम्ही भाजी निवडल्यासारखी वाचताय?” म्हणत तिने आमच्या खुणा काढून टाकल्या. लाइटबिल हातात आल्यावर कळलं, ते भरायचंच राहिलं होतं.

मग मुकाट्याने देवयानी वाचायला घेतली. आणि हाच तर या कादंबऱ्यांचा खरा छळ आहे. जिचं प्रकरण चालू असेल तिचंच पटतं. रात्री अकराला मी देवयानीसाठी चिडलो होतो, बाराला शर्मिष्ठेसाठी हळहळत होतो, आणि एकला परत राजाकडे आलो तर त्याच्याशी बोलावंसंच वाटेना. इतके दिवस जपलेला राग ठेवायचा कुठे, हेही कळेना. सकाळी बायकोला म्हणालो, “तुझं बरोबर होतं.” तर तिने रात्रीत ययाति वाचून काढला होता. म्हणाली, “तसा अगदीच वाईट नाही हो तो.”

या सगळ्यात पुस्तक परत करायची तारीख नऊ दिवसांनी उलटून गेली. लायब्ररीत तिघंही गेलो. उशीर का झाला, हे मी सांगितलं. मग बायकोने माझं कसं चुकतंय ते सांगितलं. मग आईने खुर्ची मागवून घेतली आणि पहिल्यापासून सांगितलं. काउंटरवरच्या गृहस्थांनी तिन्ही प्रकरणं शांतपणे ऐकली, चष्मा कपाळावर सरकवला आणि दंडाची पावती एकाच नावाने फाडली. माझ्या.